परसातला ससा

आपल्या वाङ्मयाने सशाचे फार लाड केले आहेत. चंद्राला त्याच्यावरून शशांक आणि शशधर अशी नावे मिळाली. पंचतंत्रातल्या सशाने मदोन्मत्त सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवून संपविले. जे अस्तित्वातच नाही अशा वस्तूचे उदाहरण द्यावयाचे झाले, तेव्हा आपल्या तर्कपंडितांना सशाचेच शिंग आठवले. पण हाच ससा चंद्रावरून उतरून आपल्या परसात येतो आणि एका रात्रीत चवळीचे कोवळे शेंडे चाकूने कापल्यासारखे तिरके छाटून जातो, तेव्हा संकष्टीला भक्तिभावाने चंद्राची वाट पाहणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी फासकी कोण लावून देतो ह्याची चौकशी करू लागतो. हा पालट योग्य आहे काय, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

गोव्यात आणि बेळगावच्या बाजूला हा प्रश्न आता केवळ शेतकऱ्याचा राहिलेला नाही. जांभ्या दगडाच्या ज्या सड्यांवर पावसाळ्यात गुडघाभर गवत माजे आणि गुराख्याखेरीज कोणी फिरकत नसे, तेथे आता वसाहती उभ्या राहिल्या आहेत. घरामागे दोन वाफे तांबड्या भाजीचे, एखादा मुळ्याचा, कुंपणालगत अळसांद्याचे वेल, आणि पलीकडे उरलेसुरले गवत. त्या गवतात जो राहतो तो, कोकणीत ज्याला आपण ससो म्हणतो तो, पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा नव्हे. पांढरा ससा हा युरोपातल्या बिळे करून राहणाऱ्या वेगळ्या जातीचा वंशज. आपला ससा बीळ करीत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून दिवसभर तेथे दबून राहतो आणि अंधार पडला की चरावयास निघतो. त्याची पिल्ले जन्मतःच उघड्या डोळ्यांची व केसाळ अंगाची असतात. आई त्यांना उघड्यावर ठेवून दूर राहते आणि काळोख झाल्यावर थोडा वेळ पाजून जाते. तिच्या दूर राहण्यातच पिल्लांची सुरक्षितता असते. म्हणून परसात पिल्लू दिसले की ते पोरके समजून घरात आणावयाचे आणि त्याला गाईचे दूध पाजावयाचे, ही दया बहुधा त्या पिल्लाच्या जिवावर बेतते. माणसाच्या रागाने सशाचे जेवढे नुकसान होते त्याहून त्याच्या कळवळ्याने कमी होत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

कायदा काय म्हणतो, हा आमच्या व्यवसायाचा भाग. तो थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार ह्या शब्दाची व्याप्ती पुष्कळ मोठी आहे. मारणे आणि विष घालणे तर तीत आलेच, पण पकडणे, फासात अडकविणे, हाकणे, आमिष दाखविणे हेही आले. (टाळी वाजवून वाफ्यातला ससा घालविणाऱ्यावर कोणी खटला भरील, असे भय वाचकांनी बाळगू नये.) ह्या कायद्याने ससा संरक्षित आहे. तो माणसाच्या मालमत्तेस किंवा उभ्या पिकास धोकादायक झाला आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली, तरच लेखी आणि सकारण आदेशाने त्यास मारण्याची परवानगी मिळू शकते. उपद्रवी म्हणून सरसकट वगळलेल्या प्राण्यांची एक पाचवी अनुसूचीही ह्या कायद्यात होती. तीत कावळा होता आणि उंदीरही होता. ज्याने पिंडाला शिवावे म्हणून आपण दहाव्या दिवशी हात जोडून उभे राहतो तो, आणि गणपतीच्या पायाशी बसतो तो! २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, मात्र एखादा प्राणी उपद्रवी ठरविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार कायम आहे. उपद्रवी हा प्राण्याचा स्वभावधर्म नव्हे. आपण आपल्या सोयीने त्याच्यावर मारलेला तो शिक्का आहे, एवढे ह्यावरून ध्यानात यावे.

पण कायद्याची मनाई दाखवून नीतीचा प्रश्न मिटत नाही. आमच्या परिचयाचे एक शास्त्रज्ञ गृहस्थ ह्यावर धर्मशास्त्राचा दाखला देतात. पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाच भक्ष्य होत, असे स्मृती सांगते आणि त्या पाचांत ससा आहे. मग त्याच्यासाठी एवढा विचार कशाला? दाखला खरा आहे. परंतु त्याचा अर्थ मीमांसकांनी कसा लावला, हे ते सांगत नाहीत. भूक लागली म्हणजे खा, असे शास्त्राने कोणास सांगावे लागत नाही. ती प्रवृत्ती मनुष्याच्या ठिकाणी मुळातच आहे. तेव्हा ह्या वचनाचे तात्पर्य हे पाच खावे असे नसून, ह्या पाचांखेरीज इतर खाऊ नयेत, असे आहे. ह्यालाच परिसंख्या म्हणतात. वरवर अनुज्ञा दिसते, पण काम करते ते निवारणाचे. आमच्या मते वन्यजीव कायद्यातील परवानगीचे कलमही ह्याच रीतीने वाचले पाहिजे. लेखी आदेश, कारणे, अधिकाऱ्याची खात्री, हे सगळे मारण्याची वाट मोकळी करण्याकरिता नसून ती अरुंद करण्याकरिता आहे. प्राचीन आणि अर्वाचीन स्मृतिकार येथे एका बाजूला उभे आहेत.

ह्याच परंपरेने गृहस्थाला अगदी निर्दोष मानलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही घरातील पाच हिंसास्थाने होत, आणि त्यांचा दोष नित्याच्या पंचमहायज्ञांनी फेडावयाचा. त्यांतला एक भूतयज्ञ. म्हणजे घर करून राहिले की काही जीव जाणार, हे गृहीत धरले आहे. त्याचबरोबर घरातील अन्नातला एक वाटा अनाहूत प्राण्यांचा, हेही गृहीत आहे. बलिहरण आता फार थोड्या घरांत होते. ते न करणाऱ्याने वाफ्यातली चार पाने सशाने खाल्ली म्हणून आकाशपाताळ एक करावे, हे आम्हांस थोडे विनोदी वाटते. त्याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. आमच्या समाजातला गृहस्थ स्वतः सहसा हात उचलीत नाही. तो गड्याला सांगतो, आणि संध्याकाळी देवदर्शनाला जातो. मनूने मारणाऱ्याच्या पंक्तीत अनुमती देणाऱ्यालाही बसविले आहे, आणि ज्याला फौजदारी कायदा अपप्रेरणा म्हणतो ती ह्याहून वेगळी नाही. शिवाय फासकीला आपला लक्ष्य प्राणी ओळखता येत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटा अडकून मेल्याच्या घटना गोव्यात घडल्या आहेत. सशासाठी लावलेल्या फासकीत शेजाऱ्याचे मांजर सापडावयास काही अडचण नाही. विषाचेही तसेच. आणि जे दयाळू लोक ससा पिंजऱ्यात धरून दूर रानात सोडावा म्हणतात, त्यांना त्या अनोळखी रानात तो आसरा व चारा कोठे शोधणार, ह्याचा विचार करण्याचे कारण पडत नाही; कारण तो तेथे मरतो तेव्हा आपण पाहावयास नसतो.

मारून प्रश्न सुटतो, ही समजूत तर ऑस्ट्रेलियाने पारखून पाहिली आहे. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून व्हिक्टोरिया प्रांतात सुमारे २४ ससे आणविले. पुढे त्यांची इतकी प्रजा झाली की पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ ह्या काळात १,८३३ किलोमीटरांचे एक कुंपण घालावे लागले, आणि ससे त्याच्याही पलीकडे गेले. १९५० मध्ये मुद्दाम रोगाचे विषाणू सोडले. ससे असंख्य मेले, पण वाचले त्यांच्या प्रजेत त्या रोगाला तोंड देण्याचे बळ आले. तेथे निदान ससा उपरा होता. आपल्या सड्यावर उपरे आपण आहोत.

खंडाला कुंपण घालणे व्यर्थ ठरले. वाफ्याला घालणे व्यर्थ ठरत नाही. इंचभराहून मोठे भोक नसलेली, कमरेइतकी उंच जाळी, तिची खालची कड वीतभर मातीत पुरलेली, एवढ्याने बहुतेक काम भागते. सबंध आवार बंद करू नये. वाफे तेवढे बंद करावे आणि मागचे गवत राहू द्यावे. ज्याला निवड करण्याची बुद्धी आहे त्याने खर्च सोसावा आणि ज्याला ती नाही त्याच्यावर दंड बसवू नये, हे वाटणीचे तत्त्व कोणत्याही दिवाणी न्यायालयास पटावे. आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या त्या अशाच आखणीने: येथपर्यंत आमची कुऱ्हाड, येथून पुढे नाही.

आतापर्यंतचे सर्व विवेचन ज्याची भाजी बाजारातून येऊ शकते अशा गृहस्थापुरते आहे. ज्याचे वर्षाचे पोट दोन गुंठ्यांच्या भुईमुगावर आणि मिरचीवर आहे, त्याला हे ऐकविण्याचा आम्हांस अधिकार नाही. ससा त्याचे कोवळे रोप खातो आणि रानडुक्कर उरलेले उकरून टाकते. असे कूळ पुष्कळदा देवस्थानाच्याच जमिनीवर राबत असते, आणि त्याला अहिंसेचा उपदेश करणारे बहुधा त्याच देवस्थानाचे महाजन असतात. त्याच्या जाळीचा खर्च त्याने एकट्याने का सोसावा? अनेक देवस्थानांची वार्षिक अंदाजपत्रके व्यवसायानिमित्त आमच्या नजरेखालून गेली आहेत. पालखीच्या चांदीस, जत्रेच्या रोषणाईस, सभामंडपाच्या रंगकामास त्यांत रकमा असतात. कुळाच्या शेताला जाळी, अशी बाब आम्हांस अद्याप कोणत्याही अंदाजपत्रकात आढळलेली नाही.