दोन भाऊ, दोन रेडिओ

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात दोघे भाऊ लांब पल्ल्याचे ट्रक चालवत. दोघांकडेही सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ होता: ४० चॅनेल, ४ वॅट, परवान्याची कटकट नाही. चॅनेल १९ वर पुढचे ट्रकवाले रस्त्याची खबर देत. पण दोघांनाही आणखी दूर बोलायची हौस लागली.

धाकट्याने एक्स्पोर्ट रेडिओ घेतला. खोक्यावर ‘१० मीटर हॅम रेडिओ’, म्हणजे परवानाधारक हौशींचा रेडिओ, असं छापलेलं, पण आतली जोडणी बदलली की तो सीबीच्या २७ मेगाहर्ट्झवर बोले. रंगीत दिवे, आवाजाला घुमारा! वर लिनिअर ॲम्प्लिफायर जोडून त्याने ४०० वॅट केले. सगळंच बेकायदा, पण विचारतो कोण?

थोरला हॅम परवान्याचं पुस्तक घेऊन बसला. टेक्निशियन आणि जनरल या दोन परीक्षा दिल्या. प्रत्येकीत ३५ प्रश्न, २६ बरोबर हवेत. मग १०० वॅटचा जुना एचएफ (लघुलहरी) ट्रान्सीव्हर घेतला.

त्या वर्षी सूर्यावर डाग भरपूर होते. त्यामुळे भर दुपारी धाकट्याचा आवाज थेट फ्लोरिडात ऐकू जाई. “तू बस घोकत!” तो थोरल्याला चिडवी.

हिवाळ्यातल्या एका रात्री दोघे वायोमिंगमध्ये असताना हिमवादळाने आय-८० महामार्ग बंद झाला. मोबाइलला रेंज नव्हती, घरी आई काळजीत. धाकट्याने ४०० वॅटनिशी हाका मारल्या. शेजारी अडकलेल्या ट्रकवाल्यांशिवाय कोणी ओ दिली नाही. थोरल्याने ॲंटेना बदलला, ८० मीटर बँड लावला आणि ‘सीक्यू’, म्हणजे ‘कोणी ऐकतंय का?’, असं पुकारलं. नेब्रास्कातल्या एका हॅमने उत्तर दिलं आणि आईला फोन करून दोघांची खुशाली कळवली.

“माझा जोर चौपट, मग तुझाच आवाज कसा पोचला?” धाकटा वरमून म्हणाला.

“रात्री आयनोस्फिअर, म्हणजे लहरी परत खाली पाठवणारा वातावरणाचा वरचा थर, विरळ होतो. २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आरपार निघून जातात, ८० मीटरच्या परत खाली येतात. पुस्तकात हेच होतं. रस्त्यापुरतं बोलायला आपला ४ वॅटचा सीबी पुरेसा होता. दूरचं बोलायचं, तर कुठल्या वेळी कुठली वाट उघडी असते ते ठाऊक हवं. तू दोन्हींच्या मधली पळवाट विकत घेतलीस.”

तात्पर्य: वॅट विकत मिळतात, वाट शिकावी लागते.