मैदान आणि कीर्तन

वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान होतं आणि ते मोबाईलवर लाईव्ह दाखवायचं काम अण्णांच्या स्टुडिओकडे आलं. गावातली निम्मी पोरं पुण्या-मुंबईत, काही दुबईला. बक्षिसांचे पैसे बरेचसे त्यांनीच धाडलेले. त्यामुळे एक नंबरची कुस्ती त्यांना जागेवर बसून दिसली पाहिजे, एवढीच कमिटीची अट.

अण्णांची हयात लग्नाच्या शूटिंगमध्ये गेलेली. लाईव्हचं सगळं पुतण्याकडे. तो पुण्याला इंजिनिअरिंग करून आलेला, वाचन दांडगं. नेटफ्लिक्सने 2015 च्या डिसेंबरात प्रत्येक सिनेमाचा स्वभाव बघून त्याचं वेगळं एन्कोडिंग करायचं कसं जाहीर केलं, हे तो कुणालाही समजावून सांगायचा, समोरच्याने विचारलं नसलं तरी.

मैदानावर रेंजची बोंब होती. डोंगलमधून वर जेमतेम 2 एमबीपीएस जात होतं. पुतण्याने हिशेब मांडला, "अण्णा, डेटा थोडा असला की कॉम्प्रेशन कडक पाहिजे. एक्स 264 या एन्कोडरचा प्रीसेट, म्हणजे त्याचा वेग, मी व्हेरीफास्टवरून स्लोवर नेतोय. तेवढ्याच डेटात चित्र कितीतरी चांगलं दिसेल."

हिशेब चुकीचा नव्हता. मागच्या फ्रेममधला कोणता तुकडा आता कुठे सरकला हे एन्कोडर शोधतो आणि सगळं चित्र पाठवण्याऐवजी तेवढी हालचाल पाठवतो. स्लोवर तो जास्त ठिकाणी शोधतो, तुकडे जास्त प्रकारे पाडून बघतो, पुढच्या 50 फ्रेममध्ये काय येणार तेही आधी डोकावून घेतो. डेटा वाचतो तो या शोधाशोधीतून. पण शोधायला वेळ लागतो, आणि सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला 40 मिलिसेकंद. आदल्या रात्री स्टुडिओत चाचणी घेतली तेव्हा लॅपटॉपला ते सहज जमलं. कॅमेऱ्यासमोर अण्णा खुर्चीत बसलेले होते, आणि अण्णा फारसे हलत नाहीत.

मैदानातही दोन नंबरच्या कुस्तीपर्यंत सगळं ठीक चाललं. दोन नंबरला दोघे पैलवान बराच वेळ खडाखडीतच अडकले. मानेला मान, हौद्यातली माती शांत, प्रेक्षक कंटाळलेले. एन्कोडरला काम असं नव्हतंच. मग एकाने ढाक मारली. माती उडाली, हलगी कडाडली, फेटे हवेत गेले, चार बाजूंनी माणसं हौद्याकडे धावली. चित्रातला एक तुकडा जागेवर राहिला नाही. लाईव्हचं सॉफ्टवेअर ओबीएस, त्याच्या खालच्या पट्टीवर एन्कोडिंग ओव्हरलोडेडचा इशारा आला, फ्रेम गळायला लागल्या, आणि मोबाईलवर एक पाय हवेत असलेला पैलवान तसाच राहिला.

अण्णांचा फोन वाजला. मुंबईहून कुणीतरी ओरडत होतं, "अण्णा, पडला कोण?"

फोन ठेवून अण्णांनी पुतण्याकडे पाहिलं. "काय रं हे?"

"चित्र बघा ना अण्णा, थांबलंय पण किती क्लिअर आहे. प्रीसेट आता बदलायचा तर लाईव्ह बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल. माणसं निघून जातील."

"मग आत्ता काय चालू आहे?"

पुतण्या गप्प झाला. अण्णांना प्रीसेटमधलं काही कळत नव्हतं, पण ओढाताण ओळखीची होती. व्हीएचएसच्या 180 मिनिटांच्या कॅसेटवर तीन तास यायचे आणि एलपी मोडवर टाकली की सहा. लग्नातले हौशी मामा दर वेळी म्हणायचे, एलपीवर घ्या, एका कॅसेटीत दोन्ही दिवस बसतील. बसायचेही. मग नवरीच्या साडीचा काठ कुठला आणि पडदा कुठला, हे ओळखायची स्पर्धा लावावी लागायची.

"सगळंच धरून ठेवशील तर सगळंच सुटंल," अण्णा म्हणाले. "सोडण्यासारखं काय आहे तेवढं सांग."

इथे पोराचं शिक्षण कामी आलं. त्याने चित्राचा आकार 1080 वरून 720 वर आणला. एका फ्रेममधले पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, एन्कोडरचा भार उतरला आणि तोच 2 एमबीपीएस उरलेल्या पिक्सेलांना बऱ्यापैकी पुरायला लागला. प्रीसेट परत व्हेरीफास्ट. एक नंबरची कुस्ती लागायच्या आत लाईव्ह पुन्हा सुरू झालं. निकालाच्या क्षणी मातीचे चौकोन चौकोन दिसले, मागची गर्दी तर नुसती रंगांची कालवाकालव. कुणीतरी लिहिलंही, चित्र धुरकट आहे. पण पट निघाला, पाठ लागली, आणि दुबईतल्या पोरांनी ते हलगीच्या ठोक्यासकट पाहिलं.

इथवरचा धडा पुतण्याने पक्का गिरवला, आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

पावसाळ्यात गावच्या दिवंगत कीर्तनकार बुवांची मुलगी पिशवीभर कॅसेटी घेऊन आली. बुवांची कीर्तनं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अण्णांनीच घेतलेली. मोबाईलवर बघता येतील अशी करून हवी होती. पुतण्याने निमूट व्हेरीफास्ट लावलं. फाईली एवढ्या फुगल्या की अण्णांनाही कळलं काहीतरी बिनसलंय.

"मैदानातला शहाणपणा इथे कशाला? ह्या किती वेळा उतरवायच्या?"

"एकदाच."

"आणि बघणार किती?"

"बुवांची सगळी दिंडी. प्रत्येकाच्या मोबाईलचा डेटा जाणार."

"मग घाई कुणाला हाय, लेका?"

नेटफ्लिक्सचं उदाहरण खरं तर इथलं होतं. एकदा करायचं आणि हजारोंनी बघायचं, तिथे मशीन रात्रभर घासलं तरी परवडतं. पोराच्या डोक्यात हे लख्ख उजाडलं आणि तो थेट दुसऱ्या टोकाला गेला. 2018 मध्ये आलेला एव्ही 1 हा नवा व्हिडिओ फॉरमॅट, त्याचा सगळ्यात संथ प्रीसेट, पंखा घरघरतोय, आणि चार रात्रींत एक कॅसेट. फाईल मात्र इवलीशी. बुवांची मुलगी आली, तिने स्वतःच्या जुन्या फोनवर लावून पाहिली. आवाज पुढे गेला, बुवा मागे राहिले, आणि अभंगाच्या मध्यावर फोन तव्यासारखा तापला. त्या फोनच्या चिपमध्ये एव्ही 1 उलगडायची सोय नव्हती, सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर. आपण वाचवलेल्या डेटाची किंमत त्या माउलीच्या फोनकडून वसूल होत होती.

मग तो 2003 सालच्या एच 264 वर, म्हणजे एक्स 264 बनवतो त्याच फॉरमॅटवर, परतला. जुना, पण त्या फोनसकट दिंडीतल्या सगळ्या फोनांना येणारा. प्रीसेट व्हेरीस्लो. त्याच्याही पलीकडे एक प्रीसेट आहे, त्याला करणाऱ्यांनीच प्लासिबो नाव दिलंय. वेळ बेसुमार, फायदा जेमतेम. तिकडे तो गेला नाही, ही त्यातल्या त्यात प्रगती.

खरा वेळ गेला तो कॅसेटीतल्या दाण्यांवर. व्हीएचएसच्या चित्रात बारीक दाणे सतत वळवळत असतात. ते दर फ्रेमला नवे, त्यामुळे मागच्या फ्रेममध्ये कितीही शोधा, त्यांचा जोडीदार सापडत नाही. बुवा उभे आहेत, वीणा स्थिर आहे, मागचा पडदा हलत नाही, आणि निम्मा डेटा या दाण्यांपायी खर्ची पडतोय. पुतण्याने दाणे पुसायचा फिल्टर लावला. पहिल्या खेपेला एवढा जोरात की बुवा मेणाचे दिसायला लागले आणि कपाळावरचा बुक्का नाहीसा झाला. अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. फिल्टर निम्मा केला, बुक्का दिसला, टाळकऱ्याच्या बोटांची हालचाल दिसली. दाणे थोडे राहिले, राहू दिले. मग रोज रात्री दुकान बंद करताना दोन कॅसेटी मशीनला लावायच्या आणि घरी जायचं. सकाळी तयार.

दिवाळीनंतर शेजारच्या गावची कमिटी आली, यंदा मैदान त्यांच्याकडे. अध्यक्षांनी बसता बसता विचारलं, "फोर केमध्ये लाईव्ह करताय ना?"

पुतण्याने वही ओढली. "हौद्यापाशी रेंज किती येते? आणि बघणारे कुठले, टीव्हीवर बघणार की मोबाईलवर?"

अध्यक्षांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "मोबाईलवर असंल तर रेट कमी पडंल. आणि रेकॉर्डिंग वेगळं पाहिजे असंल, तर ते चांगलं करून देतो, पण आठ दिवसांनी."