फुसका बार

मराठी माणसाला कोणाची फजिती वर्णन करायची असली की त्याला 'फुसका बार' आठवतो. पुढाऱ्याचं भाषण रंगलं नाही, फुसका बार. वाजतगाजत आलेलं नाटक तिसऱ्या प्रयोगाला बसलं, फुसका बार. माझा एक विनोदी लेख वाचून आमच्या हेडकॅशियरनेही हाच शब्द वापरला होता, आणि तोही काउंटरवर आठ-दहा ग्राहक उभे असताना. फुसका म्हणजे ज्याच्यापासून कोणाला काही होत नाही असा, हे आपण धरूनच चाललेलो असतो. पण ज्यांचा खऱ्या बाराशी रोजचा संबंध येतो, त्या खाणीतल्या मंडळींना हा वाक्प्रचार ऐकून हसू येत नाही.

हे शहाणपण मला बँकेत मिळालं. बँकेत शहाणपण मिळतं यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण नोव्हेंबरात कधीकधी मिळतं. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. नागपूरच्या आमच्या शाखेत त्यातले एक येतात, ते भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत तीस वर्षं ब्लास्टर होते. मी त्यांना मामा म्हणतो. तीस वर्षं सुरुंग उडवून दहाही बोटं शाबूत ठेवलेला माणूस माझ्यासमोर बसून आपण जिवंत असल्याचं लिहून देतो, आणि ते खरं आहे अशी सही मी करतो! माझी हयात लेजर आणि चहा यांत गेली. खरं म्हणजे दाखला त्यांनी मला द्यायला हवा.

मामांनी मला सुरुंगाचं शास्त्र काउंटरवर, पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर शिकवलं. खडकात भोक पाडायचं. आत दारूच्या कांड्या सारायच्या, एका कांडीत डिटोनेटर खोचलेला. उरलेलं भोक मातीने ठासून बंद करायचं, नाहीतर सगळा जोर तोंडावाटे निघून जातो आणि खडक जागच्या जागी. (आमच्या कर्मचारी सभांचं असंच होतं, पण तो विषय वेगळा.) मग लाल निशाण, शिट्टी, माणसं लांब. धातूंच्या खाणींसाठी 1961 साली जे नियम झाले, त्यांत हे 'लांब' म्हणजे तीनशे मीटर धरलेलं आहे. मग ब्लास्टरने वाती पेटवायच्या, आडोशाला जायचं आणि मोजायचं.

"मोजायचं? काय मोजायचं?" मी विचारलं.

"बार, साहेब. आठ भोकं भरली तं आठ वाजले पाहिजेत."

आणि सातच वाजले तर? तर आठव्या भोकाची वात ओली झाली असेल, किंवा शेजारच्या बाराच्या दगडाने ती तोडली असेल. किंवा ती आत अजून हळूहळू जळतही असेल, आणि हे सगळ्यांत वाईट. म्हणून वातीच्या बाराला अर्धा तास कोणी तिकडे फिरकायचं नाही. जागेला कुंपण घालायचं. अडकलेली दारू उकरून काढायची नाही. तिच्या शेजारी, किमान एक फूट अंतर राखून नवं भोक पाडायचं आणि त्यातल्या बाराने जुनं निकालात काढायचं. आणि आज जमलं नाही, तर पुढच्या पाळीच्या माणसाला सांगून आणि वहीत लिहूनच घरी जायचं. कारण उद्या सकाळी ड्रिल घेऊन येणारा माणूस त्याच खडकावर ड्रिल टेकवणार असतो.

नियमातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, सातच वाजले अशी खात्री असण्याची गरज नाही. आठ वाजले अशी खात्री नसली तरी पुरे. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे आरोपी म्हणजे भोक, आणि त्याला संशयावरून सरळ आत टाकतात.

आता प्रश्न असा. संध्याकाळचे साडेपाच झालेत. न्यायला आलेली गाडी हॉर्न वाजवते आहे. दोन बार अगदी पाठोपाठ झाले, किंवा एकत्र झाले, किंवा एकच झाला. आठ म्हटलं तर सहा वाजता घरी. सात म्हटलं तर अर्धा तास थांबणं, कुंपण, नवं भोक आणि वरच्या साहेबांचं तोंड. आणि हे ऐकणारे कान जगात एकाच माणसाचे. तो 'आठ' म्हणाला तर त्याला खोटं पाडायला कोणी नाही, आणि तो खोटं बोलतोय हे कदाचित त्याचं त्यालाही कळणार नाही. घरी जायची घाई असलेल्या कानाला आठ ऐकू येतात. साहेबांचा आवाज चढलेला असला तर जरा जास्तच स्पष्ट ऐकू येतात. सात मोजणाऱ्यावर जो साहेब खेकसतो, त्याच्या खाणीत हळूहळू सगळे बार उडायला लागतात, निदान वहीत तरी.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. आमच्याकडे अशा मोहाची सोय पूर्वीच करून ठेवलेली आहे. 1494 साली लुका पाचोलीने व्हेनिसला द्विनोंदी पद्धत छापून काढली, तेव्हापासून जमेला नावे आणि नाव्याला जमा जुळल्याशिवाय कारकुनाला घरी जाता येत नाही. आम्ही प्रामाणिक असतो असं नाही. आमचा हिशेब दोन ठिकाणी असतो. तरीही नाहीच जुळला तर 'सस्पेन्स खातं' नावाची एक देवाची करणी आहे. फरक तिथे टाकायचा आणि सहाची बस पकडायची. काही फरक तिथे इतकी वर्षं मुक्काम ठोकून असतात की त्यांनाही पेन्शन सुरू करावी. पण सस्पेन्समध्ये पडलेल्या चौदा रुपयांवर दुसऱ्या दिवशी कोणी ड्रिल लावत नाही. ब्लास्टरची नोंद एकेरी, आणि ती त्याच्या डोक्यात.

मग माणूस सात का म्हणतो? पकडला जाण्याची भीती नाही. फायदा होतो तो दुसऱ्याचा, आणि त्या दुसऱ्याला आपला फायदा झाला हे कळतही नाही. न झालेल्या अपघाताबद्दल हार घेऊन कोण येतो? मी हे मामांना, जरा कमी शब्दांत, विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्या पाळीत ड्रिलवर माझा मेहुणा होता."

माझी निराशा झाली. म्हणजे सगळं तत्त्वज्ञान अखेर सासुरवाडीपाशी येऊन थांबलं! मी चिकाटीने विचारलं, "आणि मेहुण्याची सुट्टी असेल त्या दिवशी?"

"तवा बी मोजतच होतो जी. बदलीवर कोण येते, हे आपल्याले काय मालूम?"

थोडा वेळ थांबून त्यांनी पुढे सांगितलं की, मधली दोन वर्षं मेहुण्याशी त्यांचं बोलणं बंद होतं, धुऱ्यावरून. त्या दोन वर्षांत दोघांमधला सगळा पत्रव्यवहार पाळीच्या वहीत झाला. 'पूर्वेकडचं तिसरं भोक जिवंत आहे.' खाली मेहुण्याची सही. 'वाचलं' एवढंच. लग्नाची पत्रिकासुद्धा या घरातून त्या घरात गेली नाही, पण भोकाची बातमी एकदाही चुकली नाही.

या धंद्यातली नावं आठवायची तर आपल्याला आल्फ्रेड नोबेल आठवतो. त्याचं डायनामाइट 1867 चं, आणि त्याआधी 1864 मध्ये त्याचा धाकटा भाऊ एमिल स्टॉकहोमच्या स्फोटात गेला होता. पण मला जवळचा वाटतो तो कॉर्नवॉलचा विल्यम बिकफर्ड. हा चामड्याचा व्यापारी. खाणीशी त्याचा संबंध एवढाच, की त्याच्या गावाभोवती खाणी होत्या आणि तिथून माणसं भाजून, आंधळी होऊन येत. तेव्हा वात म्हणून हंसाच्या पिसाच्या नळीत नाहीतर काडात दारू भरत. ती कधी झर्रकन जळे, कधी रेंगाळे. दोर वळणाऱ्याकडे पाहून बिकफर्डला सुचलं, की सुताच्या पिळात दारूचा धागा वळून घ्यावा. 1831 साली त्याने तशी वात केली. फुटाला साधारण अर्धा मिनिट, सावकाश आणि ठरलेल्या चालीने. त्याला ना मेहुणा खाणीत, ना बदलीवाला.

उलट कळ दाबणं हे काम केवढं सोपं! 24 सप्टेंबर 1876 ला न्यूयॉर्कच्या हेल गेट खाडीतला खडक सुमारे पन्नास हजार पौंड स्फोटकांनी उडवला, तेव्हा जनरल न्यूटन यांच्या दोन-अडीच वर्षांच्या मुलीने कळ दाबली. खडक व्यवस्थित उडाला. उद्घाटनाला पाहुणे निवडताना आपल्याकडेही हा दाखला लक्षात ठेवायला हरकत नाही.

हल्ली इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर आले आहेत. प्रत्येकाच्या पोटात चिप. उडवण्यापूर्वी यंत्र एकेकाची हजेरी घेतं आणि एकेक डिटोनेटर आतून 'आहे' म्हणून कळवतो. मी हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "म्हणजे हयातीचा दाखलाच की जी." अगदी तसाच. पण बार झाल्यावर तारा तुटलेल्या असतात, आणि कोण गेलं, कोण मागे राहिलं, हे विचारायची सोय उरत नाही. धूर निवळला की एक माणूस ढिगाऱ्याकडे चालत जातो, वाकून दगडांमधून बघतो, तारेचा एखादा तुकडा उचलतो आणि पुन्हा वाकतो. बाकीचे तीनशे मीटरवर उभे राहून तो हात वर कधी करतो याची वाट बघत असतात. गाडीवाला हॉर्न वाजवत असतो.