नकळत विकलेला दोष



चोरीला मनाई करणारी सातवी आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली. दुसऱ्याच्या वाडीतले नारळ उतरवणे, तराजूत काटा मारणे, दुधात पाणी घालणे हे पाप आहे, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. परंतु समजा, आपण एखादी वस्तू अगदी प्रामाणिकपणे विकली. तिच्यात दोष आहे हे आपल्यालाच ठाऊक नव्हते. काही वर्षांनी तो दोष उघडकीस आला आणि घेणारा दारात येऊन उभा राहिला. त्याचे नुकसान कोणी सोसायचे? आपण पाप तर केले नाही. मग आपण त्याचे काही देणे लागतो का?

हा प्रश्न नीट समजावा म्हणून आज आपण एका वेगळ्याच बाजारात डोकावू या. तिथला माल वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. तो म्हणजे मुलांची चित्रकथांची पुस्तके, अर्थात कॉमिक्स.

दहा सेंटचे पुस्तक

१९३८ साली अमेरिकेत 'ॲक्शन कॉमिक्स' या मासिकाचा पहिला अंक निघाला. सुपरमॅन प्रथम भेटला तो याच अंकात. किंमत फक्त दहा सेंट, कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, मधोमध दोन पिना. मुले ती पुस्तके वाचत, दुमडून खिशात घालीत, एकमेकांना देत आणि शेवटी ती रद्दीत जात. त्यामुळे चांगल्या स्थितीत फार थोडे अंक उरले आणि जे उरले त्यांना मोल चढले. त्या पहिल्याच अंकाची एक उत्तम प्रत एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ६० लाख डॉलरला विकली गेली. आपल्याकडेही १९६४ साली सुरू होऊन १९९० साली बंद पडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळाचे जुने अंक जपणारे आणि शोधत फिरणारे हौशी लोक आहेत.

या बाजारात किंमत ठरते ती प्रतीच्या स्थितीवर. कण्यावरचा रंग उडालेला नसावा, कोपरे शाबूत असावेत, कागद पिवळा पडलेला नसावा. आणि मुख्य म्हणजे, जे दिसते ते मूळचेच असावे. इथेच खरी मेख आहे. रंग उडालेल्या जागी शाई भरता येते. फाटलेला कोपरा दुसरा कागद जोडून पुरा करता येतो. झिजलेल्या कडा कापून सरळ करता येतात, गंजलेल्या पिना बदलता येतात, डाग धुऊन काढता येतात. हात कुशल असेल तर ही डागडुजी साध्या डोळ्यांना दिसतही नाही. अतिनील किरणांच्या दिव्याखाली मात्र नव्याने भरलेला रंग बऱ्याचदा उघडा पडतो.

२००० साली सीजीसी नावाची कंपनी निघाली. ती अशा पुस्तकांची तपासणी करते, दहापैकी गुण देते आणि पुस्तक प्लास्टिकच्या टणक डबीत मोहोरबंद करून परत पाठवते. मूळ स्थितीतल्या पुस्तकाच्या डबीवर निळी चिठ्ठी असते. डागडुजी केलेल्याच्या डबीवर जांभळी. चिठ्ठी जांभळी निघाली की तेच देखणे पुस्तक सहसा मूळ प्रतीच्या किमतीच्या थोड्याशा हिश्श्यालाच विकले जाते.

डागडुजी करणे हे पाप नव्हे, हे आधीच स्पष्ट करायला हवे. रोमच्या सिस्टाइन चॅपेलमधील मायकेलअँजेलोची भित्तिचित्रे वर्षानुवर्षे खपून स्वच्छ करण्यात आली आणि १९९४ साली ते काम पुरे झाले तेव्हा अनेकांनी आनंद मानला. पण ते काम सर्वांदेखत झाले होते. जुन्या काळी अनेक हौशी संग्राहकांनीही आपली पुस्तके केवळ जपण्यासाठी दुरुस्त केली; त्यात लपवाछपवी नव्हती. पुढे ती पुस्तके हातोहाती फिरली, दुरुस्तीची आठवण पुसली गेली आणि राहिला तो नुसता देखणेपणा. झाकली मूठ सव्वा लाखाची!

माझा काय दोष?

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका विक्रेत्याने एक जुना अंक १,५०० डॉलरला घेतला आणि 'मूळ स्थितीतला' असे सांगून २,००० डॉलरला विकला. तसे तो खरोखरच मानत होता. सहा वर्षांनी घेणाऱ्याने तो तपासणीला पाठवला आणि डबी जांभळी चिठ्ठी लावून परत आली. कण्यावर रंग भरलेला, वरची कड कापलेली. डागडुजी झालेल्या अशा प्रतीला विक्रीच्या वेळी समजा ६०० डॉलर मिळाले असते. म्हणजे १,४०० डॉलरचा खड्डा पडला.

विक्रेता म्हणतो, "मला ठाऊक नव्हते. मीही फसलोच आहे. शिवाय घेताना तुम्ही नीट पाहायला हवे होते. आता सहा वर्षांनी काय?" थोडक्यात, पदरी पडले पवित्र झाले.

यातली कोणतीही सबब अगदीच पोकळ नाही. घेणाऱ्याने सावध राहावे हे तत्त्व शतकानुशतके सांगितले जाते. कायदाही काही अंशी विक्रेत्याच्या बाजूने आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या व्यापारी कायद्यानुसार, वस्तूचे जे वर्णन करून सौदा झाला ती विक्रेत्याने दिलेली हमीच ठरते, मग मनात फसवण्याचा हेतू असो वा नसो. पण दावा लावायला साधारणपणे माल दिल्यापासून चारच वर्षांची मुदत असते. आपल्या विक्रेत्याला सहा वर्षे झाली. न्यायालय त्याला बहुधा हात लावू शकणार नाही.

न्यायालयाची मुदत संपली, मग सदसद्विवेकबुद्धीची मुदतही संपते का?

संत थॉमस काय सांगतात

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात खरेदीविक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात ते विकलेल्या वस्तूतील दोषांचा विचार करतात. वस्तूची जातच वेगळी निघणे, वजनमाप कमी भरणे आणि गुणात खोट असणे असे तीन प्रकार ते मांडतात. विकणाऱ्याला दोष ठाऊक असेल तर ती फसवणूक आहे, पाप आहे, आणि भरपाई देणे त्याला भाग आहे. ठाऊक नसेल तर त्याने पाप केलेले नाही. पण संत थॉमस इथे थांबत नाहीत. ते पुढे म्हणतात की, दोष त्याच्या ध्यानात आला की त्या क्षणापासून घेणाऱ्याची भरपाई करणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

यामागचा विचार अगदी साधा आहे. पाप आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाप मनातल्या हेतूवर ठरते. देणे मात्र दोघांमधल्या हिशेबावर ठरते. दुकानदाराने चुकून आपल्याला शंभर रुपये जास्त परत दिले, तर ते घेताना आपण चोर नव्हतो. घरी येऊन पैसे मोजले आणि चूक कळली, त्यानंतर ते शंभर रुपये आपले राहत नाहीत. विक्रेत्याच्या गल्ल्यात आलेले १,४०० डॉलर हे असेच जास्तीचे आलेले पैसे आहेत. पुस्तकात नसलेल्या गुणाची किंमत त्याला मिळाली होती. तेव्हा ते पैसे त्याने निष्पाप मनाने घेतले. आता त्याला कळले आहे.

ख्रिस्तसभेची धर्मशिकवण हेच बजावते. व्यापारातील फसवणूक किंवा दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन किंमत चढवणे हे देशाच्या कायद्यात बसत असले तरी सातव्या आज्ञेचा भंग आहे. म्हणूनच जक्कयाने येशूपुढे उभे राहून नुसता पश्चात्ताप बोलून दाखवला नाही. फसवून घेतलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला. आपला विक्रेता जक्कयासारखा लबाड नव्हता, त्यामुळे त्याच्यावर चौपटीचा भार नाही. फरक तेवढा परत करणे, किंवा पुस्तक परत घेऊन पैसे देणे, एवढेच त्याच्याकडून न्यायाला हवे.

नाही कळले, की कळून घेतले नाही?

तरीही सर्व विक्रेते एकाच मापाने मोजता येत नाहीत. ज्याचा हा रोजचा धंदा आहे, ज्याच्या टेबलावर दिवा आणि भिंग आहे, त्याने मुद्दाम दिवा न लावता पुस्तक विकले तर त्याचे अज्ञान निर्दोष म्हणता येत नाही. सत्य शोधण्याची फिकीरच न करणाऱ्याचे अज्ञान हे त्याच्याच माथी येते, असे धर्मशिकवण सांगते. याउलट, पतीच्या पश्चात त्याचा संग्रह विकणारी एखादी विधवा घ्या. 'मला यातले काही कळत नाही. तुम्हीच तपासून घ्या आणि योग्य तो भाव द्या,' असे ती म्हणाली, तर तिने खरे तेच सांगितले. तिने हमी दिली नाही आणि हमीची किंमतही घेतली नाही. पण हेच शब्द दोष ठाऊक असलेल्या माणसाने उच्चारले तर ते खोटे बोलणेच होय. 'आहे तसे घ्या' या वाक्याआड लपणारे पुष्कळ आहेत.

आणि विक्रेत्याकडे देण्यासारखे काही उरलेच नसेल तर? निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात याला उपयोगी पडेल असा एक नियम आहे. एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या बैलाला हुंदडून मारले, तर जिवंत बैल विकून आलेले पैसे दोघांनी वाटून घ्यावेत आणि मेलेला बैलही वाटून घ्यावा. पण बैल मारका आहे हे मालकाला आधीच माहीत असेल, तर त्याने बैलाबद्दल बैल भरून द्यावा. पाहा, किती शहाणपण आहे यात! ठाऊक असणाऱ्याने सगळे भरायचे. कोणालाच ठाऊक नसेल, तर नुकसान एकट्याच्या अंगावर टाकून दुसऱ्याने मोकळे व्हायचे नाही. आपला विक्रेता ज्याच्याकडून पुस्तक घेतले त्याच्याकडे जाऊ शकतो, तो त्याच्या आधीच्याकडे. साखळी जिथे तुटेल, तिथे दोघांनी बसून भार वाटून घ्यावा. न्यायाला बंधुभावाची जोड मिळते ती इथे.

घेणाऱ्याचीही परीक्षा

आतापर्यंत आपली सहानुभूती घेणाऱ्याकडे होती. आता त्याच्याकडे वळू या. त्यानेही वाजवीच मागावे. तीच प्रत आहे आणि डागडुजी मधल्या काळात झालेली नाही, हे त्याने दाखवायला हवे. भाव चढतो का हे पाहत वर्षानुवर्षे थांबायचे आणि भाव पडला की दोष पुढे करायचा, हे बरोबर नव्हे.

पण त्याची खरी परीक्षा वेगळीच आहे. विक्रेत्याने हात झटकले. आता त्याच्या हाती जांभळ्या चिठ्ठीचे पुस्तक आहे. डबी फोडली, चिठ्ठी फेकली आणि पुस्तक मोकळे करून विकले, तर कोणाला कळणार? कोणीतरी २,००० डॉलर देईलच. या बाजारात असे करणारे आहेतच. काल जो फसला, तो आज फसवणारा होतो. आणि त्याच्यात व पहिल्या विक्रेत्यात एक मोठा फरक आहे: त्याला ठाऊक आहे. पहिल्याचे फक्त देणे होते. याचे पाप आहे. दोष एका हातातून दुसऱ्या हातात असाच सरकत राहतो, जोवर कोणी एक जण 'हे नुकसान माझ्यापाशी थांबेल' असे म्हणत नाही तोवर. आपल्या प्रभूने आपल्यासाठी काय केले, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या अंगणात

तुम्ही म्हणाल, आमचा कॉमिक्सशी काय संबंध? पण पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीला उन्हाळ्यात रंग काढून खोली विकणे हे काय आहे? अपघातात चेपलेली गाडी ठोकून, रंगवून 'एकहाती वापरलेली' म्हणून विकणे? डाग दिलेला दागिना, वाटणीचा वाद असलेला जमिनीचा तुकडा, आजार लपवून विकलेली म्हैस? आणि यातले काही आपल्या हातून नकळत घडले असेल, आणि आज आपल्याला ते कळले असेल, तर?

या आठवड्यात प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना 'मी कोणाला फसवले का' या नेहमीच्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडू या: माझ्याकडून कोणाचे नुकसान झाले आहे असे मला नंतर कळले, आणि तरी मी गप्प राहिलो, असे काही आहे का? असेल, तर धर्मगुरूंपुढे गुडघे टेकण्यापूर्वी किंवा त्यानंतर लगेच, त्या माणसाच्या दाराची कडी वाजवू या. तो विसरलाही असेल. त्याला त्या दोषाचा पत्ताही नसेल. तरीसुद्धा जाऊ या.

हे प्रभो, न कळत झालेल्या चुकीबद्दल तू आम्हाला दोषी धरत नाहीस. ती कळल्यानंतर उठून चालायला लागण्याचे बळ तू आम्हाला दे. आमेन.