बारशीचा नैवेद्य

कोजागिरीची पौर्णिमा झाली की गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत काकडा सुरू होतो, तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे चालतो. पाऊस उघडलेला असतो. पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागतो. बाजरी खळ्यावर आलेली असते, ज्वारीची पेरणी आटोपत आलेली असते. याच दिवसांत वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतची दिवाळी येते, मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात, त्यावर हळीव पेरतात. मागोमाग कार्तिकी एकादशी आणि तुळशीचे लग्न. आश्विन-कार्तिकाचे हे दिवस प्रपंचाच्या सुगीचे आणि परमार्थाच्याही सुगीचे. घरात लेकरे असतील तर या सुगीला आणखीच शोभा येते.

पण याच दिवसांत आमच्या कानावर एक तक्रार फार येते. मंडळी म्हणतात, "महाराज, आम्ही पहाटे काकड्याला जातो, संध्याकाळी हरिपाठ करतो, पण घरातली पोरे काही देवापुढे बसत नाहीत. त्यांना मोबाइल पाहिजे, फटाके पाहिजेत, देव तेवढा नको. आता या पिढीचे काय करावे?" इतकी वर्षे आम्हीही यावर ठरलेले उत्तर देत होतो. संस्कार कमी पडतात, धाक राहिला नाही, वगैरे. गेल्या कार्तिकात आमच्याच घरी जो प्रसंग घडला, त्यानंतर ते उत्तर देण्यास जीभ धजत नाही. तो प्रसंग सांगण्यात आमचा मोठेपणा नाही, उलट लाज आहे. तरी पण सांगतो, कारण आमच्यासारखे दुसरेही कोणी असतील.

कार्तिक शुद्ध एकादशी ही परंपरेने श्रीनामदेवरायांची जन्मतिथी. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०. त्या रात्री गावच्या मंदिरात आमची सेवा होती, आणि आम्ही कथेला नामदेवरायांचेच बालपण घेतले होते. कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इसवी सन १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथातून ती घरोघरी पोहोचली. वडील दामाशेटी परगावी गेले, म्हणून आई गोणाईने लहानग्या नामदेवाच्या हाती नैवेद्य देऊन त्याला राउळात धाडले. देव जेवत नाही असे पाहून बाळ रडू लागला, हट्टाला पेटला, आणि शेवटी विठोबाने त्याचा नैवेद्य खाल्ला. मंडळींचे डोळे भरून आले होते. आमचेही आले होते. आमचा चार वर्षांचा नातू आईच्या मांडीवर लोळत ऐकत होता. मधेच त्याला झोप लागली असे आम्हांस वाटले.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. रात्रीचा जागर झालेला, एकादशीचे पोट रिकामे, पारण्याची घाई. बारस सोडायची म्हणून घरात भल्या पहाटेपासून स्वयंपाक चालला होता. शेवयांची खीर वाटीत काढून आम्ही देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि फुले आणावयास परसात गेलो. परत येऊन पाहतो तो नातू देव्हाऱ्यापुढे मांडी घालून बसलेला, बोटे खिरीने माखलेली, ओठावर शेवई चिकटलेली, आणि वाटी अर्धी! नैवेद्य दाखवायच्या आधीच उष्टा झाला. आमचे डोकेच फिरले. आम्ही काही विचारले नाही. एक चपराक त्याच्या गालावर बसली.

पोर क्षणभर रडलेसुद्धा नाही. नुसते आमच्याकडे बघत राहिले. मग हंबरडा फोडला. सूनबाई चुलीपुढून धावत आल्या. त्यांनी त्याला उचलले आणि विचारले, "काय केलंस रे सोन्या?" हुंदके देत देत ते म्हणाले, "देव खातच नव्हता. म्हणून मी त्याला खाऊन दाखवलं."

वाचकहो, या वाक्यावर आम्ही काय बोलणार! कोणी तान्हे जेवायला तोंड उघडीना झाले की आई काय करते? घास आधी आपल्या तोंडाशी नेते, "बघ कसं गोड आहे" म्हणते, आणि मग त्याच्या तोंडाशी धरते. त्या पोराला त्याच्या आईने असेच भरविले होते. रात्री त्याने ऐकले होते की देव आधी जेवत नाही, हट्ट करावा लागतो. सकाळी त्याने ते करून पाहिले. इतक्या माणसांच्या मंडपात आमची कथा खरी मानणारा तोच एक निघाला, आणि आम्ही त्यालाच मारले.

सूनबाई आमच्यापुढे कधी मोठ्याने बोलत नाहीत. त्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "मामंजी, काल तुम्हीच सांगितलंत ना?" आणि त्याला घेऊन आत गेल्या.

आम्ही देव्हाऱ्यापुढे बसलो. मन लागेना. तेव्हा ध्यानात आले की ही कथा सांगताना एका जागी आम्ही नेहमी घाईने पुढे सरकतो. देव जेवला म्हणून आम्ही टाळ्या घेतो. पण रिकामे ताट घेऊन पोर घरी आले तेव्हा पुढे काय झाले? घरच्यांचा विश्वास बसला नाही. देव का कधी जेवतो? त्यांना शंकाच आली. पुढे दामाशेटींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. म्हणजे देवाला जेवू घालणे नामदेवाला जितके कठीण गेले, तितकेच घरच्यांना ते पटविणेही कठीण गेले. आणि ते घर काही नास्तिकाचे नव्हते. पंढरीच्या विठोबाला नित्य नैवेद्य नेणारे ते घर. नित्य नैवेद्य नेणाऱ्यालाच देव तो खाईल असे वाटत नाही, ही केवढी नवलाची गोष्ट!

आपण आपल्याकडे पाहावे. रोज आपण पाण्याचे चौकोनी मंडल करतो, ताट ठेवतो, डोळे मिटतो, पाणी फिरवितो आणि लगेच ताट उचलतो. देव जेवेल एवढा वेळ तरी आपण थांबतो का? उद्या खरोखरच त्याने वाटी रिकामी केली, तर आपण आधी मांजर शोधू. आम्ही तरी शोधूच. त्या दिवशी आम्ही चार वर्षांचे मांजर शोधून काढले आणि त्याला मारले.

गालावरचा वळ दुपारपर्यंत गेला. पण खरी गोष्ट संध्याकाळी कळली. तुळशीचे लग्न होते. वृंदावनाला गेरू लावलेला, उसाचा मांडव घातलेला, आवळे-चिंचा मांडलेल्या. दरवर्षी अंतरपाट धरायला धडपडणारे पोर उंबऱ्याच्या आतच उभे. आजीने हाक मारली, "ये ना रे, अक्षता टाक." तर म्हणाले, "नको. देवाजवळ मारतात."

अहो, चपराकीचे काय, ती विसरली जाते. पण देवाजवळ मारतात हे एकदा बालमनात बसले तर ते कोण काढणार? आम्ही आयुष्यभर लोकांना सांगत आलो की विठोबा ही आपली माउली आहे, तिच्याजवळ निर्धास्त जावे. आणि आमच्याच घरातल्या लेकराला आम्ही एका क्षणात शिकविले की तिच्याजवळ जाऊ नये. पोरे देवापुढे का बसत नाहीत, या तक्रारीचे एक उत्तर आमच्याच हाताच्या तळव्यावर होते.

आता शास्त्राधार पाहू. श्रीज्ञानेश्वर माउलींनी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली. त्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात माउली श्रोत्यांपुढे विनंती करतात, तिचा भाव असा की लेकराने बोबडे बोल काढले तर आईबापांना राग येत नाही, उलट जास्तच संतोष होतो, तसे तुम्ही मला सांभाळून घ्या. पाहा, केवढा ज्ञानी पुरुष, आणि सभेत पाऊल टाकताना बोबड्या लेकराची जागा मागून घेतो! ज्या संप्रदायाचा मुख्य ग्रंथ असा सुरू होतो, त्या संप्रदायाच्या घरी लेकराच्या बोबड्या भक्तीला चपराक मिळावी?

दुसरा दाखला मुक्ताईचा. लोकांच्या बोलण्याने विटून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांना समजावून बाहेर कोणी आणले? चौघां भावंडांत सर्वांत धाकट्या मुक्ताईने. तेच हे ताटीचे अभंग. धाकट्याने थोरल्याला शहाणे करावे ही आपल्या संप्रदायाची जुनी रीत आहे. थोरल्याने मात्र ताटी उघडली पाहिजे. ज्ञानदेवांनी उघडली. आम्ही लेकराला विचारण्यापुरतीही उघडली नाही.

राग का आला, याचाही आम्ही शोध घेतला. नैवेद्य उष्टा झाला म्हणून देवासाठी राग आला, असे आम्ही प्रथम स्वतःला समजाविले. ते खरे नव्हे. भूक लागली होती, झोप झाली नव्हती, आणि रात्री कथा छान झाली होती याचा ताठा अंगात होता. एकादशीने पोट रिकामे झाले, पण दुसरेच काही भरले. उपवास करून चिडचिड घरातल्या दुबळ्यावर काढावयाची, तर असा उपवास करण्यापेक्षा दोन घास खाल्लेले बरे.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत नजरेस आली. पहाटे चारला आम्ही पागोटे बांधून काकड्याला निघतो, तेव्हा लोक म्हणतात, केवढी निष्ठा! पण आमच्या आधी उठून पाणी तापविणारी, आम्ही गेल्यावर रडणाऱ्या लेकराला थोपटणारी, आम्ही परत येण्याच्या आत चहा ठेवणारी घरातली बाई, तिची निष्ठा कोण मोजतो? जनाबाईंनी नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण केले आणि विठोबा त्यांच्या जात्याशी येऊन बसला, असे आपण गातो. आपल्या घरच्या जात्याशी मात्र आपण स्वतःही बसत नाही.

तेव्हा या कार्तिकात घरी लेकरे असणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात अशी आमची विनंती आहे. लेकराला काकड्यासाठी गदागदा हलवून उठवू नये. उठले तर शालीत गुंडाळून न्यावे, नाही उठले तर झोपू द्यावे. झोपेतही टाळ-मृदंग कानावर पडतो. कीर्तनात ते आईच्या मांडीवर झोपले तर मागच्यांनी "उठवा त्याला" म्हणू नये. आमचा नातू झोपला असे आम्हांस वाटले, आणि सारी कथा त्यानेच ऐकली. हरिपाठ ही शिक्षा करू नये. "हरिपाठ म्हटल्याशिवाय जेवायला मिळणार नाही" असे म्हणणारा बाप हरीचे नाव आणि भूक यांची गाठ मारून ठेवतो. लेकराच्या हाती काहीतरी काम द्यावे. फुले वेचणे, वात पुढे करणे, टाळ धरणे. ताल चुकला तर चुकू द्यावा. आणि एखादे दिवशी एक पहाटेचा काकडा बुडवून लेकरू आपण सांभाळावे, घरातल्या बाईला मंदिरात धाडावे. पांडुरंग रागावणार नाही. कमरेवर हात ठेवून विटेवर थांबण्याची त्याला सवय आहे.

त्रयोदशीला आम्ही नातवापुढे बसलो आणि म्हणालो, "बाळा, आबांचं चुकलं." त्याने ऐकून घेतले आणि खेळायला निघून गेले. चतुर्दशीला देवघराच्या दारापर्यंत आले, आत आले नाही. आम्ही बोलावले नाही. पौर्णिमेला काकड्याची समाप्ती. त्या पहाटे आम्ही घरी राहिलो, सूनबाई मंदिरात गेल्या. पोर जागे झाले, आई दिसेना म्हणून आमच्याजवळ आले. आम्ही खिरीची वाटी त्याच्या हाती दिली आणि म्हणालो, "तूच दाखव. आबांना येत नाही." ते बराच वेळ आमच्या हाताकडे बघत होते. मग आत गेले, वाटी ठेवली, आणि आम्हांस म्हणाले, "आबा, तुम्ही दोन्ही हात जोडा. तसेच ठेवा."

आम्ही जोडले. हात जोडलेले असले म्हणजे ते उगारता येत नाहीत, एवढे त्या पोराला कळत होते. देवापुढे हात का जोडतात, याचा हा अर्थ आम्हांस इतक्या वर्षांत कोणी सांगितला नव्हता.

नामदेवरायांनी पुढे पंढरीच्या महाद्वाराची पायरी आपल्या विसाव्यासाठी मागून घेतली. संतांचे पाय लागावेत एवढीच त्यांची इच्छा. आजही वारकरी त्या पायरीवर पाय न देता डोके टेकून आत जातो. यंदा तेथे डोके टेकाल तेव्हा एवढे आठवावे की त्या पायरीखाली ताट घेऊन आलेले एक लहान मूल आहे. आणि घरी परतल्यावर आपले लेकरू वाटी घेऊन उभे दिसले, तर आधी त्याला विचारावे, मग काय ते बोलावे. एवढी सेवा पांडुरंग आम्हां सर्वांकडून करून घेवो.

रामकृष्णहरि.