कठडा आणि कुलूप



जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात, पक्ष्याच्या घरट्याविषयीचा नियम आणि द्राक्षमळ्यातील पेरणीविषयीचा नियम यांच्या मध्ये, घरबांधणीचा एक छोटा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा. वरून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. म्हणजे पडणे ही केवळ नशिबाची गोष्ट नाही. घर ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर त्याची जबाबदारी आहे.

आपल्या लोणावळा-मावळात हा नियम समजावून सांगावा लागत नाही. जून ते सप्टेंबर दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरते, शहाबादी फरशीला ओल सुटते, ऐन रात्री वीज जाते. भांगरवाडी, वळवण, खंडाळा इथल्या जुन्या घरांत मोरी एक पायरी खाली आणि संडास मागच्या अंगणात, अशी रचना अजून कुठेकुठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या आकड्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. तेव्हा कठडा हवाच, यावर वाद नाही.

वाद पुढे आहे. कठडा घाला असे शास्त्र सांगते. धाब्याच्या जिन्याला कुलूप लावा असे सांगत नाही. माणसे वर जाणारच, उन्हात वाळवण घालणार, संध्याकाळी वाऱ्यावर बसणार, हे गृहीत धरूनच तो नियम आहे. आपण मात्र आईवडिलांच्या बाबतीत पुष्कळदा कठड्याच्या नावाखाली कुलूपच लावतो. ‘आई, तू गॅसजवळ जाऊ नकोस.’ ‘बाबा, पावसात मिस्साला जायचे नाही.’ ‘स्टुलावर चढायचे नाही म्हणजे नाही.’ हे सर्व प्रेमापोटी असते, यात मला शंका नाही. पण ज्या बाईने चाळीस वर्षे घर चालवले, तिला त्याच घरात पाहुणी करून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

स्टुलाचेच घ्या. आपल्या घरांतील वेदी बहुधा उंच फळीवर असते. मेणबत्ती लावायला आजी स्टूल ओढते. मुले घाबरतात, स्टूल माळ्यावर टाकतात आणि वेदीपुढे विजेचा लाल दिवा बसवतात. आजी सुरक्षित झाली खरी, पण तिची रोजची सेवा गेली. सुताराला बोलावून तीच फळी छातीच्या उंचीवर आणली असती तर? पडण्याची भीतीही गेली असती आणि काडी ओढणारा हातही तिचाच राहिला असता.

मराठी माणसाला अभिमान वाटावा असे एक उदाहरण अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे यांनी २०१४ साली ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे शेतकरी. शंभरी ओलांडल्यावरही ते रोज रात्री घोड्यावर बसून शेतावर फेरी मारीत. जवळजवळ ११० व्या वर्षी, कोर्टाच्या कामाला जाताना, उतरता उतरता बस हलली, ते पडले, डोक्याला मार लागला आणि त्यातच गेले. कोणी म्हणेल, बसने जाऊ दिलेच कशाला? मला वाटते, जाऊ दिले म्हणूनच ते शेवटपर्यंत त्या घरचे कर्ते राहिले. (अर्थात त्यांचे जेवणखाण, उठबस पाहायला भरलेले घर होते. मोकळ्या फिरणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे कोणाची तरी सून राबत असते, हेही विसरू नये. रात्री दोन वाजता जी उठते, तिलाही बोलण्याचा हक्क आहे.)

मग अडवायचे कधीच नाही का? तसेही नाही. विस्मरणाने गॅस उघडा राहू लागला तर धोका एकट्या आईचा राहत नाही, शेजारच्या लेकरांचाही होतो. तिथे नळी बंद करावी लागेल. पण स्वतःच्या जिवापुरता धोका समजून-उमजून पत्करणारी म्हातारी माणसे आणि धोका कळेनासा झालेली माणसे यांत फरक आहे. केवळ वय झाले म्हणून पहिलीला दुसरीत ढकलणे हा अन्याय आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू येशू पेत्राला सांगतो की म्हातारपणी दुसराच कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिथे नेईल. ते पेत्राच्या मरणाविषयी होते, असे योहान स्पष्ट करतो. तरी वृद्धांच्या कानाला ते फार ओळखीचे वाटते. आपण ते वाचताना स्वतःला पेत्राच्या जागी ठेवतो. पण आईचे सामान तिला न विचारता पुण्याच्या फ्लॅटवर हलवले जाते, तेव्हा त्या वाक्यातला ‘दुसरा’ कोण असतो?

२००७ च्या कायद्याने आईवडिलांचे अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पाहणे मुलांवर बंधनकारक केले. मुलांचे ऐकणे आईवडिलांवर बंधनकारक केलेले नाही.

म्हणून घरात काही बदल करण्याआधी मुलाने किंवा मुलीने एक रात्र त्या घरी मुक्काम करावा. आई अंधारात मोरीकडे निघते तेव्हा ती कशाकशाला धरते, ते नीट पाहावे. पंचे वाळत घालायची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. आधाराची दांडी विटेत बोल्टने पक्की बसवून घ्यावी लागते. ती कुठे बसवायची हे गवंड्याला विचारू नये. रोज हात टेकून भिंतीवर जिथे तेलकट डाग पडला आहे, ती जागा आईने केव्हाच ठरवलेली असते.