थकबाकीच्या यादीत शेजारचं गाव

‘सर, क्वेरीत एकच व्हेअर राहिला’ म्हणतोस. कुठे राहिला ते सांग ना. थकबाकीच्या यादीत, संस्था निवडणारा तोच राहिला. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये विरदेल सोसायटीच्या गटसचिवाच्या लॉगिनने यादी काढली आणि बेटावदच्या सभासदांची कर्जं पडद्यावर आली. आज त्यातली नावं तूच रचलेली होती. उद्या तिथे खरा शेतकरी असेल. त्याने कपाशीवर किती उचललं, किती फेडलं, जामीन कोण राहिलं, हे दुसऱ्या गावाने का वाचावं? आपल्या शिंदखेडा तालुक्यात सोयरिकी याच गावांमध्ये जुळतात. थकबाकीदार म्हणून बापाचं नाव एकदा बाहेर गेलं की पोरीच्या लग्नाच्या बैठकीत ते निघतं. तू नंतर क्वेरी दुरुस्त करशील, त्याने ते नाव परत येणार आहे का?

महाराष्ट्र सहकारी संस्थांचा 1960 चा कायदा वाच म्हणून सांगितलं होतं. कलम 32 उघड. ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं सभासदाला पाहता येतात. पण हिशेबाच्या वह्यांमधला त्याच्या स्वतःच्या व्यवहारांचा तेवढाच भाग. गटसचिवाच्या हातात कागदी खतावणी होती तेव्हापासून ही हद्द ठरलेली आहे. तू ती पुसलीस.

कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हणून सोडून द्या, हे माझ्यापुढे बोलू नकोस. केंद्राने 29 जून 2022 ला देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, 2,516 कोटींची योजना. गावची विविध कार्यकारी सोसायटी म्हणजे हीच संस्था. त्या सगळ्यांना एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं ठरलं. असली कामं उद्या तुम्हीच पोरं करणार आहात.

सगळ्या संस्था एकाच टेबलात ठेवल्यास, त्याला माझी हरकत नाही. प्रत्येकीला वेगळा डेटाबेस दिला तर खर्च वाढतो आणि प्रत्येक बदल तितक्या ठिकाणी करावा लागतो. माझा राग यावर आहे की सगळी राखण तू स्वतःच्या आठवणीवर सोडलीस. पोस्टग्रेसमध्ये 2016 च्या 9.5 आवृत्तीपासून रो लेव्हल सिक्युरिटी आहे. नियम टेबलावर लाव: चालू संस्थेच्या ओळींखेरीज काही दिसणार नाही, काही लिहिता येणार नाही. मग व्हेअर विसरलास तरी परकी ओळ बाहेर पडत नाही.

मान डोलावू नकोस, पुढे ऐक. तुझं अ‍ॅप टेबलाच्या मालकाच्याच यूझरने जोडलेलं आहे, आणि टेबलावर ‘फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी’ लावल्याशिवाय मालकाला हा नियम लागत नाही. सुपरयूझरला तर कधीच लागत नाही. अ‍ॅपला वेगळा, कमी अधिकारांचा यूझर दे. नियम ज्यावरून चालू संस्था ओळखणार, तो संस्था क्रमांक तू सेशनवर ठेवतोस. पूलमधलं तेच कनेक्शन पुढच्या गावाला मिळतं आणि आधीच्या गावाचा क्रमांक त्यावर तसाच असतो. तो सेट लोकलने ट्रान्झॅक्शनपुरताच लाव, आणि लॉगिनवरूनच घे. ब्राउझरने पाठवलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. शिवाय फॉरेन की तपासताना पोस्टग्रेस हा नियम बाजूला ठेवतो, म्हणजे विरदेलच्या कर्जाला बेटावदचा सभासद बिनबोभाट जोडला जाईल. कीमध्ये संस्था क्रमांक आणि सभासद क्रमांक दोन्ही हवेत. सभासद क्रमांक 1 प्रत्येक गावात असतो, एवढंही सुचलं नाही?

शुक्रवारी ये. दोन संस्था भर, दोन्हींत सभासद क्रमांक तेच ठेव. अ‍ॅपच्याच यूझरने मी बिनव्हेअरच्या क्वेऱ्या चालवणार आहे. एक जरी ओळ दुसऱ्या गावची दिसली, तर फाइलवर माझी सही मिळणार नाही.